अर्ध्या डेसिबलचे दिवाणजी

दिवाणजी दुकानाच्या पायरीवर दिसले की आतला पोरगा आधी चहा मागवतो आणि मग कमरेला पट्टा बांधतो. चहा त्याचा त्यालाच लागतो, कारण दिवाणजी दुकानात चहा घेत नाहीत. पट्टाही त्यालाच लागतो, कारण पुढचे दोन-तीन तास स्पीकर उचलायचे असतात. गल्ल्यावरचे सावकार हात जोडून "या दिवाणजी" म्हणतात आणि देवाच्या तसबिरीकडे बघतात. बेळगावच्या खडेबाजारात असं गिऱ्हाईक दुसरं नाही. खरं तर दिवाणजी गिऱ्हाईक आहेत, हेच अजून सिद्ध व्हायचं आहे.

निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीत खतावण्या लिहिण्यात त्यांची हयात गेली. वखार सुटली, पण 'दिवाणजी' काही सुटलं नाही; रागावल्या की घरात काकूसुद्धा "अहो दिवाणजी" म्हणूनच हाक मारतात. नोकरी संपल्यावर कुणी काशीला जातं, कुणी भाऊबंदकीतल्या जमिनीचे उतारे काढतं. दिवाणजींनी गाणं नीट ऐकायचं ठरवलं. गाणं नीट ऐकायचं तर स्पीकर चांगला हवा. स्पीकर चांगला हवा तर दोन-चार ऐकून बघायला हवेत. आणि ऐकून बघायचे तर न्यायानं बघायला हवेत. त्या शेवटच्या वाक्यात दिवाणजी जे शिरले, ते अजून गाण्यापर्यंत परत आलेले नाहीत.

न्यायाची सुरुवात निपाणीच्या स्टँडवरच होते. बेळगाव इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी, काकती असा हायवेचा रस्ता. एवढा वेळ इंजिनाची घरघर ऐकली की कान थकतात आणि बारीक आवाज काही काळ निसटतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलंय आणि ते खरंही आहे. म्हणून गाडीत बसले की दोन्ही कानांत कापसाचे बोळे. कंडक्टर आधी कन्नडमधून विचारतो, मग मराठीतून, मग हातवारे करून. तिन्हीला दिवाणजींचं एकच उत्तर: सुटे पैसे. गणपतीनंतर तर पंधरा दिवस ते चाचणीच घेत नाहीत. मिरवणुकीतल्या डॉल्बीनं कानांना सुतक येतं म्हणतात.

खांद्याला शबनम. तीत मोजपट्टी, खडू, एक रुपयाचं नाणं, गाण्यांचा पेन ड्राइव्ह आणि लाल कापडी बांधणीची खतावणी. वखारीच्या खतावणीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असायचं. हिच्यात डावीकडे एक स्पीकर, उजवीकडे दुसरा. कंपनीचं नाव लिहायचं नाही, कारण नाव डोळ्यांत भरतं. सुरुवातीला ते 'अ' आणि 'ब' लिहायचे. मग 'अ'ला पहिलेपणाचा फायदा मिळतो असं त्यांच्या ध्यानात आलं. आता 'म' आणि 'त' लिहितात. वर्णमालेत मधे कुठंतरी असलेल्या अक्षरांना कुणाचा ओढा नसतो, असं त्यांचं मत आहे.

चहा न घेण्याचं कारणही न्यायाचंच. "ज्याचा चहा प्यालो त्याच्या मालातला खडा दिसत नाही," असं ते सांगतात. वखारीत आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला त्यांनीच चहा पाजलेला असल्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

सावकार कच्चे नाहीत. ते एक जोडी लावतात, मग दुसरी. दुसरी लागताच दुकानातली सगळी माणसं माना डोलावतात. गाण्याला उठाव येतो, तबला भरतो, शब्द समोर येऊन उभे राहतात.

"कसं वाटलं, दिवाणजी?"

"चांगलं वाटलं. म्हणूनच संशय आला."

"कसला ओ?"

"आवाज सारखा केलासा?"

"बटणाला हात लावला नाही बघा. होतं तिथंच आहे."

"तिथंच तर चुकलासा."

सावकारांचा चेहरा पडतो, कारण त्यांनी खरंच हात लावलेला नसतो. दिवाणजी दोन्ही खोक्यांच्या पाठीवरचा बारीक मजकूर मोठ्यानं वाचतात. एकाची संवेदनक्षमता ८६ डेसिबल, दुसऱ्याची ८९. म्हणजे बटण जागेवरच ठेवलं तरी दुसरा तीन डेसिबलनं मोठा बोलणार. पहिल्याला त्याच्या बरोबरीला आणायचं तर दुप्पट वॅट खर्ची टाकावे लागतात. आणि माणसाच्या कानाची खोड अशी की थोडासा मोठा आवाज त्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो भरून येतो. तेव्हा आत्ता तबला भरला तो स्पीकरच्या गुणानं की नुसत्या आवाजानं?

"मग काय करू म्हणतासा?"

"तोला."

मग पेन ड्राइव्हमधून 'पिंक नॉइज' लागतो. खर्जापासून तारापर्यंत प्रत्येक सप्तकाला सारखा वाटा दिलेला तो आवाज पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसासारखा असतो. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघतात. सेट जळाला असं समजून एकदा शेजारच्या दुकानदारानं धावत येऊन मेन स्विच पाडला होता. दिवाणजी मात्र खुर्चीत, जिथं ऐकणाऱ्याचा कान यायचा तिथं मोबाईलवरचं आवाज मोजायचं ॲप धरून बसलेले. पोरगा केसाकेसानं बटण फिरवतोय.

"खाली. अजून जरा. आता अर्धा राहिला."

"अर्ध्यानं काय होतंय ओ काका?"

"नोकरीला लागलो तवा मीबी हेच विचारलं होतं."

वखारीतली ती गोष्ट ते पुरी सांगत नाहीत, पण निपाणीकरांना ती सांगावीही लागत नाही. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की ओल, माती, पोत्याचं वजन अशा नावांनी त्यातून थोडं कापायचं. याला कडता म्हणतात. पोत्यामागे कापलेला अर्धा किलो शेतकऱ्याला दिसत नाही. हंगामाच्या शेवटी वखारीला दिसतो. तो सगळा कडता दिवाणजींच्या वळणदार अक्षरात लिहिला गेलेला आहे. जो फरक कुणाला जाणवत नाही तोच खरा पैसे मिळवून देतो, हे ज्ञान त्यांनी तिथून आणलं. एरवीचं गिऱ्हाईक स्पीकरमध्ये गाणं ऐकतं. दिवाणजी आधी कडता ऐकतात.

आवाज तोलून झाला की जागा. स्पीकर भिंतीला टेकला की खर्ज फुगतो, कोपऱ्यात गेला की आणखी फुगतो, फळीवर उंच ठेवला की तारस्वर डोक्यावरून जातात. तेव्हा एकाला कोपरा आणि दुसऱ्याला मोकळी जमीन दिली तर तुलना स्पीकरची होत नाही, भिंतींची होते. दिवाणजी मोजपट्टीनं अंतर घेऊन फरशीवर खडूनं चौकोन आखतात. 'म' ऐकायचा तर तो त्याच चौकोनात, आणि 'त' ऐकायचा तर 'म' उचलून 'त' त्याच चौकोनात. तेही चटकन, कारण आवाजातले बारकावे कानात काही सेकंदच राहतात, मधे कुणी "जेवलासा काय?" विचारलं तरी पुसले जातात. हार्मन या अमेरिकन कंपनीनं याच कामासाठी यंत्र बसवलंय. बटण दाबलं की एक स्पीकर मागे सरकतो आणि काही सेकंदांत दुसरा नेमका त्याच्या जागी येतो. खडेबाजारात ते यंत्र म्हणजे पट्टा बांधलेला पोरगा.

हे सगळं जमून आलं असताना दिवाणजींच्या वाचनात स्कॉटलंडची लिन कंपनी आली. १९७३ साली निघालेल्या या कंपनीचं म्हणणं असं की दुकानाच्या खोलीत एका वेळी एकच जोडी असावी. बाकीचे स्पीकर मुके बसलेले दिसले तरी त्यांचे पडदे वाजणाऱ्या आवाजानं थरथरतात आणि त्यात आपली भर घालतात. त्या थरथरीनं ऐकण्यात किती फरक पडतो यावर जाणकारांत वाद आहे. दिवाणजींना वाद पुरेसा होता. त्यांनी दुकानभर नजर फिरवली. भिंतीला लागून छातीइतके मनोरे उभे होते.

"हे सगळे ऐकालेत," ते म्हणाले. "साक्षीदारांना बाहेर काढा."

सावकारांनी आढेवेढे घेतले, पण दिवाणजी चपला काढून खुर्चीत मांडी घालून बसल्यावर इलाज राहत नाही. तासाभरात निम्मं दुकान फुटपाथवर आलं. खडेबाजारात दुकानाचा माल रस्त्यावर आला की माणसं एकच अर्थ काढतात. "बंद करतासा काय सावकार?" "जप्ती आली जणू." "लिलाव कितीपासनं?" सावकार एकेकाला समजावत होते, की आत एक दिवाणजी बसलेत, त्यांना खोली रिकामी लागते. हे ऐकून माणसांची खात्री आणखी पक्की झाली, की आत कोर्टाचा माणूस बसलाय. खानापूरकडच्या एकानं तर लिलाव समजून दोन स्पीकरांची किंमत केली आणि रोख मोजून घेऊन गेला. आत चाललेल्या निःपक्षपाती चाचणीतून त्या दिवशी काही विकलं गेलं नाही. बाहेरच्या अफवेतून एक जोडी गेली.

तरी डोळे राहिलेच होते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेच ऐकणारे, तेच चार स्पीकर. एकदा समोर दिसत असताना ऐकवले आणि एकदा पडद्याआडून. दिसत होते तेव्हा थोराड, नावाजलेल्या, महागड्या स्पीकरांनी भाव खाल्ला. पडदा पडला तसे गुण घसरले आणि निकाल बदलला. आणि हे ऐकणारे कोणी ऐरेगैरे नव्हते, स्पीकर करणाऱ्या कंपनीतलीच माणसं होती. दिवाणजींनी खतावणीत लाल शाईनं लिहिलं: पडदा पाहिजे.

पडदाही कसलाही चालत नाही. जाड कापड तारस्वर खातं. ज्यातून फुंकर आरपार जाते त्यातूनच आवाज जातो, हा ठोकताळा. दिवाणजी तडक शहापुरातल्या साड्यांच्या दुकानात गेले.

"कुठल्या कार्याला दाखवू?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"कार्य नाही. विरळ विणीचं दाखवा."

बाईंनी घडी मोडली. दिवाणजींनी पदर तोंडापुढे धरला, पलीकडे तळहात लावला आणि फुंकर मारली. "ह्यातनं जात नाही. दुसरी." दुसरीलाही फुंकर. तिसरीला जरीकाठापासून मधल्या अंगापर्यंत तीन ठिकाणी फुंकर. तोवर गादीवर बसलेल्या बायका सरकून एका कडेला झाल्या होत्या.

"अवो, साडी नेसायला घेतासा की फुंकायला?"

"आवाजाला घेतोय," दिवाणजी म्हणाले. एवढ्यानं समाधान होईल अशी त्यांची समजूत होती. ती साडी पुढं काकूंकडे गेली. तिच्या मधोमध अजून खडूची रेघ आहे, म्हणून काकू ती लग्नाकार्यात नेसत नाहीत.

पडदा लागल्यावर दिवाणजींनी नाणं उडवायला सुरुवात केली: छापा आला की 'म' आधी, काटा आला की 'त' आधी. आणि मधूनच, कुणाला न सांगता, पोराला खूण करून तोच स्पीकर पुन्हा वाजवायला लावायचे. पहिल्या वेळी या सापळ्यात खुद्द सावकार सापडले. "हा दुसरा बघा, कसा गोड आहे! पहिल्यात ही गोडी नव्हती." दोन्ही वेळा वाजला होता 'त'च. सावकारांनी यावर बराच विचार केला, आणि गोडी स्पीकर तापल्यामुळे आली असावी असं ठरवलं.

चाचणीला गाणं कुठलं हाही खटलाच. सावकारांनी एकदा प्रेमानं कुमार गंधर्व लावले. "कुमारांना बाजूला ठेवा," दिवाणजी म्हणाले. "१९२४ साली इथं सुळेभावीत जन्मलेला माणूस. नाव ऐकूनच आमचं मन वाकतंय. आणि गाणं रंगलं की स्पीकरकडं लक्ष कुणाचं राहणार?" जे गाणं ऐकण्यासाठी स्पीकर घ्यायचा, ते चाचणीतून बाद झालं. शिवाय रेकॉर्डिंग करणाऱ्यानं ते कुठल्या स्पीकरवर ऐकून बेतलं होतं, हे कुणाला ठाऊक? मूळ आवाज कसा होता ते माहीत नसताना कुठला स्पीकर खरा बोलतोय हे ठरवायचं कसं?

उत्तर बीबीसीच्या इंजिनिअरांकडे निघालं. ते स्पीकर पारखताना समोर जिवंत माणूस बोलायला लावत आणि त्याच माणसाचा ध्वनिमुद्रित आवाज स्पीकरमधून ऐकून ताडून बघत. बोलणं प्रत्येकाच्या कानाच्या ओळखीचं, त्यात खोट लगेच सापडते. दिवाणजींनी हिशेब केला, की आपल्या कानाला सगळ्यांत ओळखीचा आवाज कुणाचा. भिंतींचा घुमारा येऊ नये म्हणून घराच्या परसात तो मोबाईलवर घेतला आणि पुढच्या खेपेला काकूंनाच बेळगावला घेऊन आले.

पडद्याआड एका बाजूला काकू खुर्चीत आणि दुसऱ्या बाजूला 'म'. वाक्य दोघांना एकच: "भाजी आणलासा काय, की हात हलवत आलासा?" पोरगा नाण्याप्रमाणे खूण करणार, कधी काकू बोलणार, कधी 'म' बोलणार, आणि दिवाणजींनी खरी काकू कुठली ते सांगायचं. अर्धा खडेबाजार दारात उभा होता.

पहिल्यांदा आवाज डावीकडून आला, मग उजवीकडून. दिवाणजींनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि ठामपणे डावीकडे बोट दाखवलं.

"ही खरी."

पडदा उजवीकडून सरला आणि काकू बाहेर आल्या. "एवढा संसार झाला," त्या म्हणाल्या, "आणि खोक्याला 'ही खरी' म्हणतासा?"

सावकारांनी आनंदानं टाळी वाजवली. स्पीकरची याहून मोठी परीक्षा बीबीसीनंही घेतली नसती. सख्ख्या नवऱ्याला फसवणारा स्पीकर! बिलबुक उघडलं, पेनाचं टोपण निघालं. दिवाणजींनी हात वर केला. "प्रवासानं हिचा घसा बसलाय. मूळच जाग्यावर नव्हतं. चाचणी रद्द."

हा स्वभाव बेळगावात विचित्र वाटतो, निपाणीत वाटत नाही. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार कसोट्या सीमाभागातल्या मराठी माणसाला तोंडपाठ असतात. आधी कसोटी ठरवा, मग निकाल द्या, हे वाक्य त्यानं लहानपणापासून सभेत ऐकलेलं असतं. १९६६ साली या सीमेच्या वादावर महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्यात बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवलं होतं, आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं लिहिलं होतं. बेळगावासाठी महाराष्ट्रानं तो नाकारला, आणि अहवालात महाराष्ट्रात गेलेली निपाणी प्रत्यक्षात होती तिथंच राहिली. २००४ साली महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात दाखल झाला. तारखा पडत असतात. अहवाल निराळा आणि अंमलबजावणी निराळी, हे ज्या गावाला एवढं नीट समजलंय, त्या गावच्या माणसानं निकाल लागला म्हणून लगेच पैसे मोजावेत, ही सावकारांचीच अपेक्षा चुकीची.

परवा दिवाणजी दुकानात कोपऱ्यात खतावणी लिहीत बसले होते. टिळकवाडीतलं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं. पोरानं त्यांच्यापुढे दोन जोड्या लावल्या. आता त्याच्या हाताला सफाई आलेली. दोन्ही एकाच चौकोनात ठेवल्या, पडदा लावला, नाणंसुद्धा उडवलं. जोडप्याला एवढं शास्त्र बघून गहिवरून आलं. त्यांनी ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं आणि दुसऱ्या जोडीवर बोट ठेवलं. पडदा काढला तर ती महागडी निघाली. पैसे देऊन, आभार मानून ते गेले.

दिवाणजींनी पोराला बोटानं जवळ बोलावलं.

"महागातला कितीनं वर ठेवला होतास?"

पोराची वाचा बसली. गल्ल्यावर सावकारांनी नोटा मोजायच्या थांबवल्या.

"तीन," पोरगा पुटपुटला.

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तीन फार झाले. तीन कळतात. एखादा जाणकार आला तर धरंल. एकच ठेवायचा. एकाला गिऱ्हाईक 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतंय."

दुकानात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सावकार गल्ला सोडून बाहेर आले. या धंद्यात त्यांना इतक्या वर्षांत असा माणूस भेटला नव्हता. "दिवाणजी," ते हात जोडून म्हणाले, "उद्यापासनं दुकानात बसता काय? पगार तुम्ही म्हणाल तो."

दिवाणजींनी लगेच होकार दिला नाही. कोल्हापूरच्या एका दुकानानंही त्यांना विचारलंय म्हणे. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब. तेव्हा दोन्ही पगारांतून आधी गाडीभाडं वजा करून ते एका पातळीवर आणायचे, मग दुकानांची नावं झाकून नुसते आकडे बघायचे, असं त्यांनी ठरवलंय. खतावणीत नवं पान उघडलंय. डावीकडे 'म', उजवीकडे 'त'. तुलना चालू आहे.